हिवाळ्यातील सायकलसफर

डिसेंबर-जानेवारीतील एखादी पहाट आठवा. अंगावर उबदार रजई आहे. बाहेर अजून अंधार आहे. आई हाका मारते आहे, पण रजईतून पाय बाहेर काढवत नाही. तुमच्यापैकी काही जण शाळेत सायकलने जात असतील. अशा सकाळी सायकलवर बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय होते, हे त्यांना सांगायला नको. कान दुखू लागतात, डोळ्यांतून पाणी येते आणि ब्रेक दाबायची वेळ आली की बोटे जणू आपली नाहीतच असे वाटते. शाळा आली की एखादी मोहीम फत्ते केल्यासारखे आपण हात चोळत वर्गात शिरतो.

आता अशी कल्पना करा, की आपल्याला दोन-तीन नव्हे, तर दोनशे किलोमीटर जायचे आहे. थंडी आपल्याकडची नसून पाण्याचा बर्फ करणारी आहे. शिवाय असा प्रवास एकदाच नव्हे, तर दर महिन्याला करायचा आहे. असे कोण करील, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पण इंग्लंड, अमेरिका यांसारख्या देशांत असा प्रवास नेमाने करणारी माणसे आहेत. ती सगळीच काही पैलवान नसतात. त्यांत शिक्षक असतात, कचेरीत काम करणारे असतात, नोकरीतून निवृत्त झालेले आजोबा आणि आजीसुद्धा असतात. त्यांना हे कसे जमते? त्यामागे हिंमत तर आहेच, पण हिंमतीपेक्षा जास्त विचार आहे. तो विचार कोणता, ते या पाठात आपण पाहू.

लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीची ही परंपरा बरीच जुनी आहे. १८९१ साली फ्रान्समध्ये पॅरिस शहरापासून समुद्राकाठच्या ब्रेस्टपर्यंत आणि तेथून परत पॅरिसपर्यंत अशी सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत झाली. शार्ल तेराँ नावाच्या सायकलपटूने ती सुमारे ७१ तासांत, वाटेत झोप न घेता जिंकली. पुढे १८९७ साली इटलीतील काही सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. सुमारे २३० किलोमीटरांचे हे अंतर त्यांनी दिवसाच्या उजेडात पार केले. लोकांनी त्यांना ‘ऑडॅक्स’ म्हटले. हा लॅटिन भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ ‘धाडसी’. १९०४ साली पॅरिसमध्ये या नावाचा क्लब निघाला आणि आज जगातील अनेक देशांत त्याच्या नियमांप्रमाणे सायकलसफरी होतात.

या सफरीला ‘ब्रेव्हे’ म्हणतात. ही शर्यत नाही, हे आधी लक्षात घ्या. येथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो, बक्षीस नसते. अंतर आणि वेळ मात्र ठरलेली असते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत पूर्ण करावे लागतात. वाटेत काही ठिकाणी आपण तेथे पोचल्याची नोंद करावी लागते. कार्डावर शिक्का घेणे ही त्याची जुनी रीत. जो पहिला येतो आणि जो शेवटच्या मिनिटाला येतो, त्या दोघांचा मान सारखाच असतो.

इंग्लंड आणि अमेरिका येथील सायकलस्वारांच्या संस्थांनी याला आणखी एक जोड दिली आहे. लागोपाठ बारा महिने, दर महिन्याला निदान २०० किलोमीटरांची एक सफर जो पूर्ण करील, त्याचा खास गौरव केला जातो. सुरुवात कोणत्याही महिन्यात करता येते. पण मध्ये एक महिना जरी चुकला, तरी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणजे कोणी मार्चमध्ये सुरुवात केली आणि जानेवारीपर्यंतचे अकरा महिने पार पाडले. पण फेब्रुवारी चुकला, तर ते अकरा महिने त्या गौरवासाठी धरले जात नाहीत. तुमच्या लक्षात आलेच असेल, की या बारा महिन्यांतली खरी परीक्षा हिवाळ्यातच होते.

पहिली अडचण उजेडाची. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस जवळजवळ अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये डिसेंबरअखेर सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि चार वाजण्यापूर्वीच मावळतो. आता हिशेब करा. सकाळी सहा वाजता निघालेल्या सायकलस्वाराला संध्याकाळी साडेसातपर्यंत वेळ असतो. त्यातले पहिले दोन तास आणि शेवटचे साडेतीन तास अंधाराचे. म्हणून चांगला दिवा आणि चमकणारी पट्टी असलेला अंगरखा ही येथे चैन नसून गरज आहे. एक दिवा बंद पडला तर दुसरा हवा, कारण कडक थंडीत बॅटरीची ताकद कमी होते. घरी चार तास चालणारी बॅटरी बर्फाळ रस्त्यावर लवकर दगा देते. म्हणून अनुभवी लोक जादा बॅटरी पिशवीत ठेवत नाहीत. अंगाच्या उबेत, आतल्या खिशात ठेवतात.

दुसरी अडचण वाऱ्याची. उकाड्यात आपण पंख्याखाली बसतो, तेव्हा खोलीचे तापमान कमी होत नाही. तरी आपल्याला गार वाटते. असे का होते? आपल्या त्वचेलगत गरम हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून लावतो आणि शरीराची उष्णता भराभर निघून जाते. उन्हाळ्यात हे सुखाचे वाटते. हिवाळ्यात हाच वारा वैरी होतो. अमेरिकेचे पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी १९४० च्या सुमारास दक्षिण ध्रुवाकडील अंटार्क्टिका खंडावर याचा अभ्यास केला. पाण्याने भरलेले प्लास्टिकचे नळकांडे त्यांनी वाऱ्यात टांगून ठेवले आणि ते पाणी गोठायला किती वेळ लागतो, ते मोजले. वारा जेवढा जोराचा, तेवढे पाणी लवकर गोठे. पुढे यात सुधारणा होत गेल्या आणि २००१ साली अमेरिका व कॅनडा यांनी नवे कोष्टक स्वीकारले.

या कोष्टकाप्रमाणे हवेचे तापमान शून्य अंश सेल्सिअस असेल आणि वारा ताशी २० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला शून्याखाली ५ अंश असल्यासारखी थंडी वाजते. तापमान शून्याखाली १० अंश आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर ती शून्याखाली २० अंशांसारखी वाटते. आता सायकलस्वाराची गंमत पाहा. झाडाचे पान हलत नसले, तरी त्याला वारा लागतोच. तो ताशी २० किलोमीटर वेगाने जात असतो, म्हणजे तो स्वतःच आपला वारा तयार करत असतो! उतारावर वेग वाढला की हा वारा आणखी वाढतो. म्हणून शहाणा सायकलस्वार हिवाळ्यात उतार बेताने उतरतो. निघताना वाऱ्याची दिशाही तो पाहून ठेवतो. जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून मिळेल असा रस्ता तो निवडतो. कारण परतताना माणूस थकलेला आणि घामाने भिजलेला असतो. त्या वेळी समोरून वारा आला तर तो फार महागात पडतो.

मग खूप जाड कपडे घातले की झाले, असे तुम्ही म्हणाल. नवखा माणूस अगदी हेच करतो आणि येथेच फसतो. सायकल चालवणारा माणूस म्हणजे पेटती शेगडी असते. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात, तिच्यातील सुमारे पाव भागच चाके फिरवायला उपयोगी पडतो. बाकीची पाऊण ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. जाड कोटात ही उष्णता कोंडते. अर्ध्या तासात घाम येतो, आतले कपडे भिजतात. मग सायकलस्वार चहाला थांबतो. शेगडी मंदावते, पण ओले कपडे अंगाला चिकटलेलेच असतात. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. शिवाय घाम वाळताना शरीराची उष्णता घेऊन जातो. थोड्याच वेळात दात वाजू लागतात. म्हणून जाणती माणसे सांगतात, हिवाळ्यात थंडीपेक्षा घामाला जास्त जपा.

यावर उपाय म्हणजे एकाच जाड कपड्याऐवजी पातळ कपड्यांचे तीन थर. सर्वांत आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा सदरा, जो घाम शोषून बाहेरच्या बाजूला पोचवतो. येथे सुती कपडा चालत नाही. उन्हाळ्यात सुखावणारे सूत भिजले की ओलेच राहते. मधला थर उबेचा. त्यात कोंडलेली हवाच खरी ऊब देते. तुमच्या रजईतील कापसाचे गुपितही हेच आहे. सर्वांत बाहेर वारा अडवणारे पातळ जाकीट. चढ आला की त्याची चेन थोडी उघडायची, उतार आला की बंद करायची. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, असा या लोकांचा नियम आहे. घरातून बाहेर पडतानाच छान उबदार वाटले, तर समजावे की कपडे जास्त झाले.

जुन्या काळी असे जाकीट नव्हते, तेव्हा युरोपातील सायकलपटू एक साधी युक्ती करत. डोंगराच्या माथ्यावर पोचले की ते कोणाकडून तरी वर्तमानपत्र घेत आणि सदऱ्याच्या आत छातीवर पसरून उतार उतरत. कागद वारा अडवतो आणि त्याच्या घड्यांत हवा कोंडते. ही युक्ती आजही उपयोगी आहे. एखाद्या गार सकाळी तुम्हीही ती करून पाहा. वर्तमानपत्र मराठी असो की उर्दू, ऊब सारखीच मिळते!

आता एक प्रश्न. शून्याखाली १० अंश तापमान आणि कोरडी हवा, किंवा शून्यावर २ अंश तापमान आणि रिमझिम पाऊस, यांतले काय बरे? पहिल्या दिवशी थंडी जास्त आहे, म्हणून तो अधिक कठीण असे आपल्याला वाटते. पण हिवाळ्यात सायकल चालवणारे बरेच लोक पहिला दिवस पसंत करतील. कोरड्या थंडीत बर्फ अंगावर पडला तरी झटकून टाकता येतो. २ अंशांवरचा पाऊस मात्र हातमोज्यांत, बुटांत, मानेवरून पाठीवर सगळीकडे शिरतो. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात जानेवारीच्या पहाटे तापमान शून्याखाली १० ते १५ अंशांवर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये तेवढी थंडी क्वचितच पडते. तरीही इंग्लंडचा ओला हिवाळा सोपा समजण्याची चूक कोणी करत नाही.

थंडीचा सर्वांत मोठा मार हातापायांच्या बोटांना बसतो. त्याचेही कारण समजून घेण्यासारखे आहे. शरीर थंड होऊ लागले की ते हृदय, मेंदू यांसारख्या महत्त्वाच्या अवयवांना आधी वाचवते. त्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि तिकडचे गरम रक्त कमी होते. म्हणून केवळ हातमोजे जाड करून भागत नाही. छाती आणि पोटही उबदार असावे लागते. पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा सगळी बोटे एकत्र राहतील असा मोजा जास्त ऊब देतो, कारण बोटे एकमेकांना शेकतात. बुटांत दोन-दोन मोजे कोंबणे हीसुद्धा चूकच. बूट घट्ट झाला की रक्त पोचत नाही आणि पाय अधिकच गार पडतात. बूट थोडा मोठा असावा. पाय फारच बधिर झाले, तर खाली उतरून एखादा चढ सायकल ढकलत चालावा. चालल्याने बोटांत रक्त खेळू लागते.

बोट पांढरे पडले आणि त्याला काही कळेनासे झाले, तर तो धोक्याचा इशारा असतो. अशा बोटाला बर्फ चोळू नये, तसेच ते जाळावरही धरू नये. बधिर बोटाला चटका समजत नाही, त्यामुळे ते भाजू शकते. ते काखेत धरून हळूहळू गरम करावे आणि लवकर निवारा गाठावा. याहूनही मोठा धोका आहे तो सगळे शरीर थंड पडण्याचा. आपल्या शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की माणूस जोराने थरथरू लागतो, त्याची जीभ अडखळते, साधी चेन लावणेही त्याला जमत नाही. सर्वांत वाईट म्हणजे त्याची विचारशक्ती मंदावते आणि “मला काही झालेले नाही” असे तो म्हणत राहतो. म्हणून या सफरीत सोबती असावा. एकमेकांशी बोलत राहावे. बोलणे अडखळू लागले की थांबावे, कोरडे कपडे घालावे, गरम आणि गोड काही प्यावे आणि मदत मागवावी.

शेगडीला कोळसा लागतो, तसे शरीराला अन्न लागते. २०० किलोमीटरांच्या सफरीत, एरवी दोन दिवसांत लागेल जवळजवळ तेवढे अन्न खर्ची पडते. भूक लागेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. म्हणून तासातासाला थोडे थोडे खावे लागते. पण कडक थंडीत चॉकलेट दगडासारखे होते, केळेसुद्धा गोठते. त्यामुळे खाऊ अंगालगतच्या खिशात ठेवतात. थंडीत तहान कमी लागते, तरी श्वासावाटे आणि घामावाटे पाणी जातच असते. ते प्यावेच लागते. बाटलीतील पाणी वरच्या बाजूने गोठू लागते आणि बाटलीचे तोंड बंद होते. म्हणून काही जण बाटली उलटी ठेवतात! बर्फ बुडाशी धरतो आणि तोंड मोकळे राहते. काही जण सरळ थर्मासच नेतात.

आता सायकलीकडे वळू. उबदार घरात २० अंश तापमानात हवा भरून सायकल शून्याखाली १० अंशांत बाहेर नेली, तर टायरमधील दाब सुमारे एक दशांशाने कमी होतो. हवा कोठेही गळालेली नसते. वायू थंड झाला की त्याचा दाब घटतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला असाल, नाहीतर पुढे शिकाल. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून त्या देशांत रस्त्यांवर मीठ टाकतात. खारट पाणी शून्य अंशाला गोठत नाही, हे खरे. पण तेच पाणी सायकलीची चेन गंजवते. म्हणून घरी आल्यावर स्वतः कितीही दमलेले असले, तरी आधी सायकल धुऊन पुसून चेनला तेल द्यावे लागते.

सर्वांत कपटी असतो तो न दिसणारा बर्फ. रस्त्यावरच्या पाण्याचा पातळ, पारदर्शक थर गोठतो आणि खालचा काळा डांबरी रस्ता त्यातून दिसत राहतो. सायकलस्वाराला वाटते रस्ता नुसता ओला आहे. असा बर्फ पुलांवर आधी धरतो, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते. झाडांच्या सावलीत तो उशिरापर्यंत टिकतो. शून्याच्या आसपासचा बर्फ अधिक निसरडा असतो. फार थंड बर्फावर त्या मानाने पकड बरी मिळते. अशा जागी ब्रेक दाबू नये, हँडल वळवू नये, पायडल न मारता सरळ रेषेत सायकल जाऊ द्यावी. बर्फाळ प्रदेशांत टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे बारीक खिळे बसवलेले टायरही मिळतात. ते बर्फात रुततात आणि चाक घसरू देत नाहीत. मात्र त्यांनी वेग कमी होतो. वेग द्यायचा आणि सुरक्षितता घ्यायची, असा हा सौदा असतो.

ही सगळी साधने नव्हती, तेव्हाही माणसे बर्फावरून सायकलने गेली आहेत. १९०० साली अलास्कातील नोम या गावी सोने सापडल्याची बातमी पसरली होती. मॅक्स हिर्शबर्ग नावाचा तरुण मार्च महिन्यात कॅनडातील डॉसन गावाहून सायकलवर निघाला. बर्फ झालेल्या युकॉन नदीवरून, कुत्र्यांच्या गाड्यांनी पडलेल्या वाटेने तो दीड हजार किलोमीटरांहून अधिक गेला. पुढे वसंत ऋतू आला, बर्फ वितळू लागला. एका नदीत तो बुडता बुडता वाचला. शेवटच्या टप्प्यात सायकलीची चेनच तुटली. पण हिर्शबर्ग खचला नाही. त्याने काठीच्या आधाराने अंगातला कोट शिडासारखा उभारला आणि गोठलेल्या समुद्रावरून वाऱ्याच्या जोरावर सायकल पुढे नेली! मे महिन्यात तो नोमला पोचला. ज्या वाऱ्याला आपण वैरी म्हटले, त्यालाच त्याने कामाला लावले.

अशा गोष्टी ऐकून अंगावर रोमांच उभे राहतात. पण येथे थोडे थांबा आणि विचार करा. समजा, तुमचे अकरा महिने पूर्ण झाले आहेत. बारावा महिना फेब्रुवारी आहे. आज महिन्यातला शेवटचा रविवार आहे. तुम्ही सगळी तयारी केली आहे आणि वेधशाळा सांगते की दुपारनंतर पडणारा पाऊस जमिनीला लागताच गोठेल. गेलात तर बारा महिने पूर्ण होतील. न गेलात तर पुन्हा एकपासून सुरुवात. तुम्ही काय कराल?

या प्रश्नाचे उत्तर ज्यांना नीट कळले, तेच खरे सायकलस्वार. ते घरी थांबतात. घेतलेले कष्ट वाया जाणार म्हणून मन हट्ट धरते, पण रस्त्यावरच्या बर्फाला आपल्या अकरा महिन्यांची माहिती नसते. तो पहिल्या महिन्याच्या माणसाला पाडतो, तसाच बाराव्या महिन्याच्या माणसालाही पाडतो. मोजणी पुन्हा सुरू करता येते. मोडलेले हाड किंवा गमावलेला जीव यांचे तसे नाही. म्हणूनच अनुभवी माणसे शेवटच्या रविवारची वाट पाहतच नाहीत. हिवाळ्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच सफर उरकायची त्यांची सवय असते. पहिल्या रविवारी हवा बिघडली, तर पुढचे तीन रविवार हाताशी राहतात. कोठून परत फिरायचे, रेल्वे स्टेशन कोठे आहे, चहाचे दुकान किती वाजता बंद होते, हे ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवतात. थंडीने डोके मंदावल्यावर निर्णय घेण्यापेक्षा, घरी उबेत बसून घेतलेला निर्णय चांगला असतो. तुमच्या परीक्षेच्या अभ्यासालाही हे लागू पडते, नाही का?

अशा सफरी करणारे थोडेच. पण हिवाळ्यात रोज सायकल चालवणारे मात्र पुष्कळ आहेत. फिनलंड देशातील ऊलू हे शहर उत्तर ध्रुववृत्ताच्या जवळ आहे. तेथे महिनोन्महिने जमिनीवर बर्फ असतो. तरीही तुमच्या वयाची मुलेमुली तेथे सायकलने शाळेत जातात. शाळेबाहेर बर्फात ओळीने उभ्या असलेल्या सायकली हे तेथील नेहमीचे दृश्य. ही मुले आपल्याहून निराळी आहेत का? नाही. त्या शहरात सायकलींसाठी सहाशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे रस्ते आहेत आणि त्यांच्यावरचा बर्फ वेळेवर हटवला किंवा दाबून सपाट केला जातो. २०१३ साली हिवाळ्यातील सायकल वापरावर विचार करण्यासाठी जगभरातील लोक याच शहरात जमले होते. माणसाची हिंमत आणि शहराची व्यवस्था या दोन्ही गोष्टी जुळल्या, की अवघड काम रोजचे होऊन जाते.

आपल्या महाराष्ट्रातही आता मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर या शहरांतून ब्रेव्हे होतात. २०१९ आणि २०२३ साली पॅरिस ते ब्रेस्टच्या सफरीत भारतातून गेलेले अनेक सायकलस्वारही होते. आपल्याकडे मात्र ऋतूंचा खेळ उलटा आहे. हिवाळा हा सायकलस्वारीचा सुखाचा काळ. खरी परीक्षा घेतो तो एप्रिल-मेचा उन्हाळा आणि जून-जुलैमधील घाटातला पाऊस. तरी नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात जानेवारीत कधी कधी तापमान ५ अंशांच्या आसपास उतरते. अशा पहाटे ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालवणाऱ्याच्या चेहऱ्याला आणि बोटांना थंडी त्याहून जास्तच वाजणार, हे आता तुम्हाला कारणासह सांगता येईल.

तेव्हा उद्याच्या गार सकाळी शाळेला निघताना एवढे करा. एका जाड स्वेटरऐवजी दोन पातळ कपडे घाला. कान आणि हात झाका. टायरमधली हवा आणि ब्रेक तपासा. धुके असेल तर दिवा लावा आणि सायकल हळू चालवा. दहा मिनिटे लवकर निघा, म्हणजे घाई होणार नाही. वाटेत धाकटा भाऊ किंवा मैत्रीण मागे पडली, तर तिच्यासाठी थांबा.

दोनशे किलोमीटर हा आकडा ऐकून आपण घाबरतो. पण तो पार करणाऱ्याला विचारले, तर तो म्हणेल, “मी दोनशे किलोमीटर जात नाही. मी पुढच्या चहाच्या दुकानापर्यंत जातो. तेथे पोचलो की त्याच्या पुढच्या दुकानापर्यंत.” वर्षभराची सफर महिन्यामहिन्याने होते, महिन्याची सफर तासातासाने होते आणि तासाची सफर पायडलच्या एकेका फेरीने होते. पहिली फेरी तेवढी अवघड असते, कारण ती मारण्यापूर्वी रजई बाजूला सारावी लागते.